तहसीनबाजींची कोरी काच

लोहाऱ्याच्या एमआयडीसीतल्या छापखान्यात मी एक कोरा कागद उजेडाकडे धरून पाहत होते, तेव्हा सलीमभाईंचा फोन आला. मशीनच्या आवाजात काही कळेना, म्हणून बाहेर कडुलिंबाखाली येऊन उभी राहिले. "बेटा, आपा गेली," ते म्हणाले. "सकायी चहा घेतला, कॉलेजची बॅग भरली, अन् खुर्चीवर बसली ते बसलीच. डॉक्टर म्हणते डोक्यातली नस फुटली." मी विचारलं, "डॉक्टरनं नीट तपासलं का? दुसऱ्या कोणी पाहिलं का?" सलीमभाई म्हणाले, "तू बी तिच्यासारखीच बोलून राह्यली." फोन बंद झाला तेव्हा कोरा कागद माझ्या हातातच होता, आणि घामानं त्याच्यावर माझा अंगठा उमटला होता.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. डॉ. तहसीन यवतमाळच्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवायच्या. विद्यार्थ्यांच्या त्या तहसीन मॅडम, धाकट्या भावाच्या, म्हणजे सलीमभाईंच्या, आपा, आणि त्यांच्या मोहल्ल्यातल्या पोरींचं ऐकून ऐकून माझ्या बाजी, म्हणजे थोरल्या ताई. जनाजा निघाला तेव्हा बाया घरातच थांबल्या, मीही थांबले. एरवी मी यावर भांडले असते, पत्रकसुद्धा काढलं असतं. त्या दिवशी भांडण सुचलं नाही. पुढच्या खोलीत त्यांची भरलेली बॅग खुर्चीला टेकून उभी होती. चेन अर्धी उघडी होती आणि आतून मिठाईच्या पत्र्याच्या डब्याचा कोपरा दिसत होता. शेजारची एक म्हातारी मला हळूच म्हणाली, "पोरायसाठी मिठाई नेत असन बिचारी." त्या डब्यात मिठाई कधीच नसायची. ओलं फडकं असायचं, आणि फडक्यावर काचपट्ट्या. पण हे त्या घरात, त्या वेळी, कसं सांगायचं...

मी पत्रकांच्या घरात वाढले. माझे बाबा शेतमजुरांच्या संघटनेचं काम करायचे. घरात खेळण्यांपेक्षा कागदांचे गठ्ठे जास्त होते, आणि पत्रकांच्या घड्या घालता घालता मी अक्षरं शिकले. "उठा", "जागे व्हा", "जाब विचारा" हे माझे पहिले शब्द असावेत. आमच्या घरात शंका घेणारा माणूस मालकाच्या बाजूचा समजला जायचा. कॉलेज संपल्यावर मीही तेच काम धरलं. असंच एकदा बाजींच्या कॉलेजच्या फाटकावर पत्रकं वाटत होते. कपाशीवर कीटकनाशक फवारणाऱ्या मजुरांवर लिहिलेलं पत्रक होतं. फाटकावरचं पत्रक कोणी वाचत नाही. लोक त्याची पुडी करतात, नाहीतर खिशात कोंबतात. एक बाई मात्र उन्हात उभ्या राहून ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत होत्या. मग माझ्याजवळ आल्या आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"मजुरांच्या रक्तारक्तात विष, असं लिवलं तू. हे रक्त कोणं तपासलं?"

"सगळ्यांना माहीत आहे ते," मी म्हटलं.

"सगळ्यायले माहीत हाय, ते ठीक. पाहिलं कोणं?"

"तुम्ही कंपनीच्या बाजूच्या दिसता."

"मी सध्या चहाच्या बाजूची हाय. चाल, पेते का?"

मी भांडायला म्हणून त्यांच्या मागे गेले. चहा झाला, भांडण काही झालं नाही, कारण बाजींना भांडणात रसच नव्हता. त्यांना फक्त जाणून घ्यायचं होतं. मी मुकुटबनकडे फिरते, फवारणीवाल्यांच्या घरी बसते, हे कळल्यावर त्या प्रश्नांवर प्रश्न विचारत सुटल्या. पंप पाठीवर कुठं गळतो? कापूस डोक्याएवढा वाढला की नळी वर धरतात की खाली? औषध कालवायला काठी घेतात की हात? काही प्रश्नांची उत्तरं मला येत होती, बऱ्याच प्रश्नांची येत नव्हती, आणि मी त्या विषयावर कितीतरी पत्रकं लिहिली होती. निघताना त्यांनी मला नाव विचारलं नाही. "पुन्हा ये, परचेवाली," एवढंच म्हणाल्या; परचे म्हणजे पत्रकं. ते नाव शेवटपर्यंत टिकलं.

त्यांची प्रयोगशाळा म्हणजे जिन्याखालच्या मोठ्या खोलीसारखी जागा. एका जुन्या प्रकल्पातून मिळालेला अंधारात पाहायचा सूक्ष्मदर्शक तिथे होता. त्याचा पंखा बिघडला की सलीमभाई आर्णी रोडवरच्या आपल्या गॅरेजमधून पाने घेऊन यायचे. वीज गेली तरी फ्रिज चालू राहावा म्हणून त्यांनीच ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या जोडून दिल्या होत्या. खोलीत अंधार हवा, म्हणून खिडक्यांच्या काचांना मी छापखान्यातले शाईनं काळे झालेले रद्दी कागद आणून चिकटवले. त्यातल्या एका कागदावर "जाब विचारा" उलट्या अक्षरांत दिसायचं. बाजी म्हणायच्या, "पाह्य, तुही पत्रकं शेवटी कामी आली."

त्या फ्रिजमध्ये, सगळ्यात वरच्या कप्प्यात, एक शीशी होती. करंगळीच्या पेरापेक्षा लहान, आणि आत थेंबभर पाणी. तिच्यासाठी सलीमभाई नागपूरला गेले होते. थर्माकोलच्या डब्यात बर्फ भरून ती एसटीनं मांडीवर घेऊन आले. कंडक्टरनं विचारलं, काय आहे? सलीमभाई सरळ माणूस, ते म्हणाले, "सशाच्या रक्तातून काढलेलं पानी हाय." कंडक्टर उठून पुढच्या सीटवर जाऊन बसला, आणि यवतमाळ येईपर्यंत त्यानं तिकीट तपासायलाही मागे पाहिलं नाही.

ती अँटीबॉडी होती. कोविडनंतर हा शब्द घराघरांत पोचला, पण ही आपल्या अंगातली नव्हती. माणसाच्या पेशीतलं एक प्रथिन सशाला टोचतात. सशाचं रक्त ते परकं म्हणून ओळखतं आणि त्याला चिकटणारी अँटीबॉडी तयार करतं. ती काढून शीशीत भरतात, जगभरच्या प्रयोगशाळा ती विकत घेतात. मला हे समजावताना बाजींनी फळ्यावर काही काढलं नाही. म्हणाल्या, "समज, पांढरकवड्याच्या बाजारात तुले एक माणूस शोधायचा हाय. तू त्याले ओळखत नाई. मंग तू त्याच्या ओळखीचा एक जण गर्दीत सोडते. तो जाऊन बरोबर त्याच्या खांद्यावर हात ठेवते. पण गर्दीत तुले हात बी दिसत नाई. मंग तू दुसरा माणूस सोडते, त्याच्या हातात दिवा. तो या हातवाल्याले शोधते अन् त्याच्याजवळ उभा राह्यते. तुले दिसते काय? फक्त दिवा." आणि थोडं थांबून: "आता सांग, दिवा दिसला म्हंजे आपला माणूस सापडला का?"

मी म्हटलं, हो.

"हातवाल्यानं भलत्याच्याच खांद्यावर हात ठेवला असन तं?"

बाजींच्या सगळ्या कामाचं मूळ या एका प्रश्नात होतं. शीशीवर बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं की ही फक्त संशोधनासाठी आहे, रोगनिदानासाठी नाही. ते वाचून माझं डोकं फिरलं. लोकांच्या पेशींवर वापरायची आणि लोकांना काही सांगायचं नाही? बाजी शांतपणे म्हणाल्या, ती एकच ओळ त्या शीशीवर सगळ्यात खरी आहे.

ज्या प्रथिनाचा त्यांना शोध होता त्याचं नाव पी-५३. सलीमभाईंच्या गॅरेजात ते "त्रेपन्न नंबर" झालं होतं. आपाचा त्रेपन्न नंबर निघाला का, असं तिथे रोज विचारलं जायचं. एकानं तर तो आकडा खरंच मटक्यावर लावला, आणि तो आला नाही म्हणून बाजींवरच रुसला. हे प्रथिन धडधाकट पेशीत फार थोडं असतं. पेशीतला डीएनएचा धागा कशानं तुटला, खराब झाला, की ते साचत जातं आणि पेशीचं वाढणं थांबवतं. जणू सांगतं की काम बंद, आधी दुरुस्ती. हे ऐकून मी खुर्चीतून उठलेच. पेशीतला संप! विज्ञानात माझ्या मनासारखं काही असेल असं मला तोवर वाटलं नव्हतं.

मुकुटबनजवळच्या एका वस्तीत लक्ष्मणदादा आत्राम राहतात. त्यांची स्वतःची शेती नाही. हंगामात दुसऱ्यांच्या कपाशीवर मजुरीनं फवारणी करतात, आणि बरीच वर्षं करत आले आहेत. त्यांचे हात कापतात. कपात चहा अर्धाच घालावा लागतो. बाजी पहिल्यांदा माझ्यासोबत त्यांच्या अंगणात गेल्या तेव्हा लक्ष्मणदादांनी एकच गोष्ट विचारली. "मॅडम, ते औषध माह्या अंगात, आतल्या आत, गेलं का नाई? एवढंच सांगा. आमाले कोनी सांगतच नाई." बाजींनी लगेच हो म्हटलं असतं तर मला आवडलं असतं. त्या म्हणाल्या, "मले माहीत नाई दादा. पाहू." परवानग्या काढण्यात एक हंगाम गेला. मग एका सकाळी लक्ष्मणदादा, त्यांची बायको सुमनबाई आणि वस्तीतले आणखी काही जण जीपनं यवतमाळला आले. गालाच्या आतल्या बाजूनं लाकडी काडी हळूच फिरवायची, निघालेल्या पेशी काचेवर पसरायच्या, एवढंच. पेशीतल्या संपाची गोष्ट बाजींनी त्यांनाही सांगितली. ते आपसांत गोंडीत काहीतरी बोलले आणि खूप हसले. काय बोलले ते आम्हाला सांगितलं नाही.

काचा ओल्या फडक्याच्या डब्यात ठेवून, पाणी, अँटीबॉडी, पुन्हा पाणी, दिव्यावाली दुसरी अँटीबॉडी, असं करत दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही अंधारात बसलो. बाजींनी पहिली काच लावली आणि मला पाहायला सांगितलं. सगळं हिरवं होतं. प्रत्येक पेशी, काठापासून काठापर्यंत, चवथीच्या चंद्रासारखी फिकट नाही, तर भर उन्हातल्या शेतासारखी हिरवी. दुसरी काच तशीच. तिसरीही. मग बाजींनी स्वतःच्या गालातल्या पेशींची काच लावली. बाजींनी आयुष्यात कधी पंप उचलला नव्हता. ती काच काळीभोर होती.

माझ्या डोक्यात पत्रक तयार झालं. वर दोन फोटो, एक हिरवा, एक काळा. खाली मोठ्या अक्षरात: हा घ्या पुरावा. मी बाजींकडे पाहिलं तर त्या भुवया आकसून बसल्या होत्या. "हे प्रथिन पेशीच्या मधात, केंद्रकाच्या गाठीत दिसाले पायजे," त्या म्हणाल्या. "हे त सर्वीकडेच हाय. एवढं कायले चमकून राह्यलं?" आणि त्यांनी डब्यातली शेवटची काच काढली.

ही काच त्या प्रत्येक वेळी करायच्या. पेशी लक्ष्मणदादांच्याच, सगळं बाकीच्या काचांसारखंच, फक्त शीशीतली अँटीबॉडी तिला द्यायची नाही. तिच्याऐवजी नुसतं पाणी. हातवाला गर्दीत सोडलाच नाही, तर दिवेवाल्यानं कुणाजवळ उभं राहायचं? ती काच काळी असायला हवी. त्या तिला कोरी काच म्हणायच्या. मला वाटायचं, हा एका काचेचा आणि एका दिवसाच्या मेहनतीचा अपव्यय आहे. जिच्यात काही टाकलंच नाही तिच्यात काय पाहायचं?

कोरी काच हिरवीगार होती.

मी म्हटलं, मग तर आणखीच चांगलं. म्हणजे औषधच पेशीत साचलंय आणि तेच चमकतंय. हेच छापू. बाजी म्हणाल्या, "असू शकते. काहून नाई?" त्यांनी माझं म्हणणं उडवून लावलं नाही. हे मला त्यांच्याबद्दल फार नंतर कळलं, की माझी कल्पना त्यांना आवडायची, खरंच आवडायची, आणि म्हणूनच त्या तिच्या मागे लागायच्या. फवारणी न करणारे जे दोन जण वस्तीतून आले होते, त्यांच्या काचा त्यांनी काढल्या. त्याही हिरव्या. मग त्यांनी बॅग उचलली. "चाल मुकुटबनले. त्या सकायी यायनं काय केलं ते इचारू."

लक्ष्मणदादांच्या अंगणात बाजी खाटेवर बसल्या आणि त्या सकाळची एकेक गोष्ट विचारू लागल्या. काय खाल्लं, काय प्यायलं, जीपमध्ये खर्रा, म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू, कोणी खाल्ला. सुमनबाई आधी लाजल्या. मग म्हणाल्या, "खर्रा कोनी नाई खाल्ला बाई. आमी त उलट तोंडं साफ करून आलतो. तुमी तोंडात काडी घालनार, मास्तरीन बाई हाय, तोंडाचा वास येऊ नोये, म्हून म्या सर्व्यायले हयदी-मिठाच्या पान्याच्या गुयन्या करू लावल्या. चांगल्या दोन-दोन डाव."

हळद! हळद स्वतःच हिरवी चमकते, सूक्ष्मदर्शकाच्या निळ्या उजेडात तर फारच. माणसांनी आदरानं, आपल्यामुळे मॅडमला त्रास नको म्हणून, गुळण्या केल्या होत्या, आणि तो आदर प्रत्येक पेशीला चिकटून बसला होता. बाजी इतक्या हसल्या की खाट करकरली. पदरानं डोळे पुसत सुमनबाईंना म्हणाल्या, "माय, तू त माह्या सर्व्या काचा रंगवल्या." सुमनबाईंना वाटलं, चूक झाली. बाजींनी त्यांचा हात धरला आणि तिथंच हळदीचं पाणी करायला लावून त्याचा थेंब तपासायला कागदावर टिपून घेतला. परतताना गाडीत त्या एकदम खुशीत होत्या. मी चिडले होते. माझं पत्रक गेलं होतं, आणि या बाई हळद सापडली म्हणून आनंदात! "अगं, समज आपण ते छापलं असतं," त्या म्हणाल्या, "अन् कंपनीच्या एखाद्या पोट्ट्यानं हे हयदीचं काढलं असतं. मंग लक्ष्मणदादा खरंच बिमार पडला तरी कोणं ऐकलं असतं त्याचं?"

पुन्हा काचा झाल्या, या वेळी साध्या पाण्यानं चूळ भरून. कोरी काच काळी आली. अँटीबॉडी दिलेल्या काचांवर काही पेशींच्या मधोमध बारीक हिरवे ठिपके होते. लक्ष्मणदादांच्या काचेवर जास्त. मला वाटलं, झालं एकदाचं. पण बाजींची आणखी एक परीक्षा उरली होती. नागपूरच्या त्यांच्या एका मैत्रिणीच्या प्रयोगशाळेत अशा पेशी वाढवल्या जातात, ज्यांत पी-५३ मुळातच नाही. त्यांच्या काचा मागवल्या. माणूस बाजारात आलाच नाही, अशा दिवशी हातवाल्याला सोडून पाहायचं... तो काय करतो? त्यानं हात ठेवला. त्या पेशींच्याही मधोमध तेच ठिपके. म्हणजे आमची शीशी कुणा भलत्याच प्रथिनालाही धरत होती. लक्ष्मणदादांच्या काचेवरचे ठिपके पी-५३ चे होते की त्या भलत्याचे, हे सांगायला कुठलाच मार्ग नव्हता.

मी शीशी बनवणाऱ्या कंपनीवर पत्रक काढायला निघाले. बाजींनी आधी अँटीबॉडी कमी करून पाहिली, मग आणखी कमी, मग डबा बदलला, पाणी बदललं, आणि मगच कंपनीला लिहिलं. उत्तर सभ्य होतं: आमच्याकडे ही बरोबर चालते, तुमची पद्धत वेगळी असेल. "असू शकते," बाजी पुन्हा म्हणाल्या, आणि दुसऱ्या प्रकारच्या अँटीबॉडीच्या शोधाला लागल्या. राग त्यांना यायचा, पण तो त्यांना पुढच्या प्रश्नाकडे न्यायचा. माझा राग मला नेहमी मथळ्याकडे नेतो.

लक्ष्मणदादांना सांगायला आम्ही दोघी गेलो. मला वाटत होतं की काहीतरी गोड सांगावं, थोडं इकडचं, थोडं तिकडचं. बाजी खाटेवर बसल्या आणि म्हणाल्या, "दादा, तुमच्या आत काय झालं ते मले अजूनबी माहीत नाई. जे पानी आणलं होतं ते भरवशाचं निंगालं नाई. मी दुसरं आणून राह्यली. पण एक सांगते. तुमचे हात कापते, हे पाहाले मले कोनतीच शीशी लागत नाई. तुमचा पंप पाठीवर गयते, ते बी मले दिसून राह्यलं." मग त्यांनी सरकारी दवाखान्यात होणाऱ्या एका वेगळ्या रक्ततपासणीबद्दल सांगितलं, कोणाला भेटायचं तेही. लक्ष्मणदादा म्हणाले, "माहीत नाई असं आमाले आजवर कोन्या शिकलेल्या मानसानं नाई सांगतलं." ते हे तक्रारीनं म्हणाले नाहीत.

त्या हंगामाचं पत्रक आम्ही दोघींनी मिळून लिहिलं. अर्ध्या भागात जे डोळ्यांनी दिसतं ते: गळणारा पंप, हातमोजे नसणं, कालवायला वापरलेले हात, फवारणीनंतर धुवायला पाणी नसणं, आणि त्याबद्दलच्या मागण्या. उरलेल्या अर्ध्यात, बाजींच्या हट्टानं, एक चौकट: "आम्हाला हे माहीत नाही." माझ्या बाबांनी ती पाहून कपाळाला हात लावला. चळवळीच्या कागदावर कुणी असं लिहितं का? पण माझ्या आयुष्यात पहिल्यांदा पत्रकाला लोकांची उत्तरं आली. केळापूरच्या एका बाईनं मला बाजारात अडवून सांगितलं, की औषधाचं पाणी भरायला तर आम्ही बाया जातो, ते तुमच्या चौकटीत का नाही? कुणी म्हणालं, नळीचा वायसर कुजतो, तिथून गळतं, लिहून घ्या. आणि मुकुटबनला लक्ष्मणदादा आणि त्यांच्यासोबतच्या मजुरांनी एका सकाळी पंप खाली ठेवले. मालकानं विचारलं, काय झालं? लक्ष्मणदादा म्हणाले, "काई नाई. काम बंद, आधी दुरुस्ती." मालक दुपारपर्यंत तालुक्याला जाऊन नवे पंप आणि मोजे घेऊन आला. संध्याकाळी लक्ष्मणदादांनी बाजींना फोन केला: "मॅडम, आज आमीच त्रेपन्न नंबर झालतो."

ते पत्रक छापताना बाजी छापखान्यात आल्या होत्या. मशीन चालवणाऱ्या पुंडलिककाकांना त्यांनी इतकं विचारलं की काका घामाघूम झाले. शेवटी म्हणाल्या, "काका, मजकुराची प्लेट न लावता कागद सोडला तं काय येते?"

"काय येईन? कोराच येईन."

"पाहू नं."

"कायले कागद वाया घालवता मॅडम?" असं म्हणत काकांनी एक कागद सोडला. तो कोरा आला नाही. मधोमध एक बारीक करडी रेघ होती. मी ती ओळखली. आमच्या कितीतरी पत्रकांवर ती होती, मला ती कागदाचीच वाटायची. काकांना प्लेटची वाटायची. कागद ओढणाऱ्या रबरी चाकाला कधीतरी शाई लागली होती आणि आमच्या प्रत्येक घोषणेवरून ती गुपचूप फिरत होती. बाजींनी तो कागद उजेडाकडे धरला, हसल्या आणि माझ्या हातात दिला.

तेव्हापासून छपाईआधी एक कोरा कागद सोडायची सवय लागली. सलीमभाईंचा फोन आला त्या दिवशी मी तोच पाहत होते.

नवी अँटीबॉडी बाजी गेल्यावर आली. सलीमभाई तिलाही एसटीनं, मांडीवर घेऊन आले. फ्रिज अजून चालू आहे, बॅटऱ्या ते आठवड्याला तपासतात. नागपूरच्या मैत्रिणीनं काम पुढे नेण्याचं कबूल केलं आहे. लक्ष्मणदादांच्या काचा तिच्याकडे गेल्या, मिठाईचा डबाही. लक्ष्मणदादांच्या प्रश्नाचं उत्तर अजून आलेलं नाही, आणि मी ते या लेखातही लिहू शकत नाही. लिहिण्याचा मोह होतो, एवढं मात्र सांगते.

परवा या हंगामाच्या पत्रकासाठी लोहाऱ्याला गेले. मजकूर काकांना दिला. चौकट या वेळी थोडी मोठी झाली आहे. मी काही म्हणायच्या आत पुंडलिककाकांनी गठ्ठ्यातला वरचा कागद उचलला. "आधी बाजीचा," ते म्हणाले, आणि मशीन चालू केलं. कागद पलीकडे पडला. काकांनी तो माझ्याकडे दिला नाही, स्वतःच दारात जाऊन उजेडाकडे धरला. एका कोपऱ्यात फिकट डाग होता. काका चिंधी घेऊन मशीनखाली वाकले, बराच वेळ काहीतरी पुसत राहिले, मग दुसरा कोरा कागद सोडला आणि पुन्हा दारात गेले.

"आता पाह्य," ते म्हणाले.